पैसा नेमका कुठे मुरतो?

जुलै २०२५ मध्ये बंगळुरूतल्या बेकऱ्यांवर, चहाच्या टपऱ्यांवर आणि भाजीच्या दुकानांवर हाताने लिहिलेले कागद दिसू लागले. ‘यूपीआय नाही, फक्त रोख.’ कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयवर जमा झालेल्या रकमा पाहून हजारो छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या होत्या. त्याच सुमारास मिरजेतला एक दूध-किराणावाला माझ्याकडे आला. मी बरीच वर्षं या भागातल्या छोट्या दुकानांचे हिशेब बघतो. माणसं एरवी नोटीस हातात पडली की येतात. हा नुसत्या बातमीवर आला होता, म्हणून मला त्याचं कौतुकच वाटलं.

“काका, आपला पण क्यूआर काढून टाकू का?”

“वर्षाची उलाढाल किती आहे तुझी?”

“घर चालतंय की.”

सगळी अडचण या उत्तरात आहे. घर चालतंय म्हणजे काय? गल्ल्यात रोकड आहे, उधारी थोडी थकली आहे, होलसेलवाल्याचं देणं पुढच्या आठवड्यावर ढकललं आहे आणि महिनाअखेर भागतं आहे. उलाढाल किती, नफा किती आणि हातात रोकड किती, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. रोखीच्या जमान्यात ते एकात एक मिसळलेले चालून गेले. आता मोबाइलवरच्या प्रत्येक रुपयाची नोंद बँकेत राहते. दुकानदाराने हिशेब ठेवला नाही म्हणून ती पुसली जात नाही. त्याचा हिशेब दुसऱ्याकडे असतो आणि त्याच्याकडे मात्र नसतो, एवढाच फरक.

त्याला मी आधी मर्यादा सांगितल्या. फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, सेवा देणाऱ्याला ही मर्यादा २० लाख आहे. रोजावर आणलं तर मालासाठी साधारण ११ हजार आणि सेवेसाठी साडेपाच हजार. आपल्या दुकानाचा रोजचा सरासरी आकडा याच्या कुठल्या बाजूला आहे हे ज्याला माहीत नाही, त्याने बाकीचा लेख वाचण्याआधी तो काढावा. एक बारकावा बहुतेकांना ठाऊक नसतो. सुटं धान्य, भाजी, पिशवीतलं दूध यांवर जीएसटी नाही, पण तुम्ही करपात्र मालही विकत असाल तर उलाढाल मोजताना हा करमुक्त मालसुद्धा धरला जातो. निव्वळ करमुक्तच माल विकणाऱ्याला मात्र नोंदणी लागत नाही. बंगळुरूत गोंधळ झाला तो बराचसा इथे. दूध-भाजीवाल्यांनाही नोटिसा गेल्या, आणि पुढे आरडाओरड झाल्यावर सरकारला सूट असलेल्या मालाबद्दल माघार घ्यावी लागली.

दुसरी गोष्ट, यूपीआयवर आलेला प्रत्येक रुपया विक्रीचा नसतो. मेहुण्याने परत केलेले हातउसने, भिशीचा नंबर लागल्याचे पैसे, बायकोच्या खात्यातून आलेले, सगळे एकाच क्यूआरवर येतात. नंतर ‘ही विक्री नव्हती’ हे सिद्ध करायची पाळी तुमच्यावर येते. म्हणून दुकानाचं चालू खातं वेगळं काढा आणि घरचा व्यवहार त्यात येऊ देऊ नका. याला खर्च जवळजवळ नाही, आणि या लेखातला सगळ्यात फायद्याचा सल्ला कदाचित हाच आहे.

राहिला प्रश्न क्यूआर काढण्याचा. आयकराच्या अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत छोट्या व्यापाऱ्याला रोखीच्या उलाढालीवर किमान ८ टक्के नफा दाखवावा लागतो, तर बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या उलाढालीवर किमान ६ टक्के. (खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा, हे वेगळं सांगायला नको.) एक कोटीच्या उलाढालीत हा फरक दोन लाखांच्या उत्पन्नाचा होतो. या योजनेची मर्यादा दोन कोटींची, पण रोखीचा वाटा पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटींची. म्हणजे सरकार रोखीवाल्याला महाग आणि नोंदवाल्याला स्वस्त करत चाललं आहे. क्यूआर काढून तुम्ही महाग बाजूला जाता, आणि समोरच्या दुकानाला गिऱ्हाईक देता ते वेगळंच.

मला मात्र नंतर त्याच्या दुकानात उभं राहून दुसराच प्रश्न पडला. भिंतीवरचा साउंडबॉक्स दर मिनिटाला ‘वीस रुपये प्राप्त झाले’ म्हणून ओरडत होता. या वीस रुपयांतून त्या साउंडबॉक्सवाल्या कंपनीला काय मिळतं?

जवळजवळ काही नाही. १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २,००० कोटींहून जास्त यूपीआय व्यवहार झाले. जगाने तोंडात बोटं घालावीत असा हा आकडा, आणि त्यावरची मूळ कमाई शून्य. गिऱ्हाइकाचा फायदा झाला, दुकानदाराचा झाला, सुट्या पैशांची कटकट गेली. पण लोक भरभरून वापरतात म्हणजे पुरवणारा भरभरून कमावतो, हे गणित इथे लागू पडत नाही. डिजिटल बदलाच्या काळात धंद्याचा किंवा गुंतवणुकीचा कुठलाही निर्णय घेताना मी एकच प्रश्न आधी विचारतो: या साखळीत पैसा कुठे मुरतो?

नोव्हेंबर २०२१ मध्ये पेटीएमचा आयपीओ आला तेव्हा हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. प्रत्येक टपरीवर जिचा निळा कागद दिसतो त्या कंपनीचा शेअर, मग विचार कसला करायचा? इश्यूचा भाव होता २,१५० रुपये. पहिल्याच दिवशी तो सुमारे २७ टक्के खाली बंद झाला. जानेवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने कंपनीशी संलग्न पेमेंट्स बँकेवर निर्बंध आणले, आणि त्या वर्षी मे महिन्यात भाव सव्वातीनशेच्याही खाली गेला होता. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी तो शेअर घेतला होता. कारण विचारलं तर म्हणाले, “आमच्या गल्लीत सगळीकडे तेच आहे.” गल्लीतली पाहणी बरोबर होती. त्यांनी सेवेचा खप पाहिला आणि शेअर मात्र नफ्याचा विकत घेतला.

याच्या उलट बाजू सांगितली नाही तर लबाडी होईल. २०२१ च्याच जुलैमध्ये झोमॅटोचा शेअर ७६ रुपयांना आला. जुन्या गुंतवणूकदारांवरचं विक्रीबंदीचं बंधन वर्षभराने उठलं तेव्हा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. ज्यांनी तेव्हा घाबरून विकला त्यांना पुढे पश्चात्ताप झाला, कारण नंतर तो मूळ भावाच्या कितीतरी पट वर गेला. फरक काय होता? एक कारण उघड आहे. जेवणाच्या प्रत्येक ऑर्डरवर हॉटेलकडून कमिशन मिळतं, वरून जाहिरातीचे पैसे मिळतात. पैसा मुरायला जागा होती, त्याला वेळ किती लागेल एवढाच प्रश्न होता.

आणखी एक फरक माहितीपत्रकातच छापलेला होता. पेटीएमच्या १८,३०० कोटींच्या इश्यूपैकी १०,००० कोटी जुने भागधारक आपले शेअर विकून घेऊन जाणार होते, कंपनीत फक्त ८,३०० कोटी येणार होते. झोमॅटोच्या ९,३७५ कोटींपैकी ९,००० कोटी कंपनीत येणार होते. दोन उदाहरणांवरून नियम बांधू नये. पण आतला माणूस बाहेर पडतो आहे का आणि किती, हे पाहायला पाच मिनिटं लागतात. कुठल्याही आयपीओचं माहितीपत्रक सेबीच्या संकेतस्थळावर फुकट असतं. त्यात ‘ऑफर फॉर सेल’चा आकडा शोधा. मग उत्पन्नाचे स्रोत पाहा, सूट आणि कॅशबॅक बंद केले तरी राहील असं उत्पन्न त्यात किती आहे? शेवटी रोकडप्रवाहाचा तक्ता काढा आणि मुख्य धंद्यातून पैसे येताहेत की जाताहेत ते बघा. हे कळत नसेल तर अर्ज करू नका. लिस्टिंगनंतर चार तिमाह्यांचे निकाल येऊ द्या. चांगली कंपनी वर्षभरात कुठे पळून जात नाही. कधी कधी तर झोमॅटोसारखी स्वस्तही मिळते.

हा प्रकार फक्त भारतातला नाही. केनियात सफारीकॉमने मार्च २००७ मध्ये एम-पेसा सुरू केलं. साध्या फोनवरून पैसे पाठवायचे, आणि गावातल्या छोट्या दुकानदाराकडे जाऊन ते रोख करून घ्यायचे. तिथे प्रत्येक व्यवहारावर शुल्क होतं आणि ते कंपनीकडे आणि दुकानदार-एजंटाकडे जात होतं. पैसा मुरायची जागा पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. तरीसुद्धा २००८ मध्ये पाच शिलिंगला विकलेला सफारीकॉमचा शेअर पुढची काही वर्षं बराच काळ पाचच्या खाली घुटमळला आणि २०२१ मध्ये चाळीसच्या वर गेला. उत्तर बरोबर असलं तरी वाट बघायची तयारी लागतेच. ब्राझीलमध्ये नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेनेच पिक्स सुरू केलं. सामान्य माणसाला ते फुकट ठेवलं, पण बँकांना व्यापाऱ्यांकडून शुल्क घ्यायची मोकळीक दिली. फोनवरून पैसे पाठवण्याचं काम तिन्ही देशांत सारखंच. पैसा कुठे मुरणार हे मात्र प्रत्येक ठिकाणी नियमाने ठरलं. आपल्यासारख्या देशांत धंद्याचा अंदाज बांधताना तंत्रज्ञानाच्या बातम्यांपेक्षा नियमांच्या बातम्या जास्त बारकाईने वाचाव्यात, असं मला वाटतं. त्या कंटाळवाण्या असतात हे मान्य.

आफ्रिकेतल्या जुमियाचंही उदाहरण घ्या. ‘आफ्रिकेची अ‍ॅमेझॉन’ म्हणून एप्रिल २०१९ मध्ये ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली. काही आठवड्यांत भाव तिपटीच्या वर गेला. वर्ष संपायच्या आत तो इश्यूच्या भावाच्याही खाली होता आणि कंपनीने कॅमेरून व टांझानियातून गाशा गुंडाळला होता. तेव्हा ‘अमुक देशाची तमुक’ असं कुणी सांगू लागलं की खिशावर हात ठेवावा.

आता शेअर बाजार सोडून पुन्हा दुकानात येऊ. ऑनलाइन विकायला जाणाऱ्यांनी हाच प्रश्न उलटा विचारायचा असतो. माझ्या मालातला पैसा माझ्याकडे मुरतो का?

समजा, सांगलीतली एखादी ताई कांदा-लसूण मसाला करते. पाकीट ३०० रुपयांचं, कच्चा माल, कांडप, पॅकिंग आणि मजुरी धरून खर्च १७०. ओळखीतून विकलं तर हातात १३० राहतात. मोठ्या पोर्टलवर कमिशन आणि कुरिअर मिळून ८५ गेले, पहिल्या पानावर दिसण्यासाठी जाहिरातीचे २० गेले, परत आलेली आणि फुटलेली पाकिटं सरासरीने १० रुपये खाऊन गेली. उरले १५. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, तुमचे वेगळे येतील, पण ते काढल्याशिवाय यादीत माल टाकू नका. ‘महिन्याला चारशे पाकिटं जातात’ हे ऐकायला छान वाटतं. चारशे पाकिटांवर सहा हजार रुपये मिळणार असतील तर ओळखीतली पन्नास पाकिटं त्याहून बरी, कारण तिथे साडेसहा हजार सुटतात आणि रात्री दोनपर्यंत पॅकिंग करावं लागत नाही.

पोर्टलवाले हिशेब देताना जीएसटीचा अर्धा टक्का टीसीएस आणि आयकराचा ०.१ टक्का टीडीएस कापू शकतात. ही रक्कम बुडत नाही, तुमच्याच नावावर जमा असते. पण ती मागावी लागते, आणि बरेच जण मागत नाहीत.

मग पोर्टल वाईट का? मुळीच नाही. नवं गिऱ्हाईक शोधायला त्याच्याइतकी मोठी पेठ नाही. पण ते गिऱ्हाईक पोर्टलचं असतं, तुमचं नसतं. इंडोनेशियात लाखो छोटे विक्रेते टिकटॉक शॉपवर थेट प्रक्षेपण करून कपडे आणि सौंदर्यप्रसाधनं विकत होते. सप्टेंबर २०२३ च्या शेवटी सरकारने समाजमाध्यमावर थेट विक्री करायला बंदी घातली आणि आठवड्याभरात, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, ते दुकान बंद झालं. डिसेंबरमध्ये कंपनी तिथल्याच टोकोपीडिया या विक्री-पोर्टलशी हातमिळवणी करून परत आली. मधल्या दोन महिन्यांचं भाडं विक्रेत्यांना कुणी भरून दिलं नाही. आपल्याकडे २९ जून २०२० च्या रात्री टिकटॉकवर बंदी आली तेव्हा महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या किती पोरापोरींचे लाखांनी असलेले फॉलोअर्स सकाळी नाहीसे झाले होते, आठवा.

म्हणून माझा ठोकताळा असा आहे की कुठल्याही एका पोर्टलवर एकूण विक्रीच्या एक तृतीयांशाहून जास्त भार टाकायचा नाही. प्रत्येक पाकिटात आपला नंबर आणि पुढच्या खरेदीवर छोटी सवलत लिहिलेली चिठ्ठी घालायची, पोर्टलचा नियम आड येत नसेल तर. ज्यांनी स्वतःहून फोन केला त्यांची यादी त्यांच्या संमतीने वहीत आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर ठेवायची. ती यादी हीच तुमची खरी मिळकत, यंत्रापेक्षाही. आणि स्वतःचं अ‍ॅप काढू नका. दर दोन महिन्यांनी कुणीतरी माझ्याकडे अ‍ॅपचं दीड-दोन लाखांचं कोटेशन घेऊन येतं. गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये किराणा दुकानाच्या अ‍ॅपला जागा नसते. तुमच्या नंबरला असते.

दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्यांबद्दल पुण्या-मुंबईचे दुकानदार विचारतात. त्यांच्याशी वेगाच्या शर्यतीत उतरू नका, एवढंच सांगतो. दळण, सुटा माल, सणाची एकत्र यादी, ओळखीची उधारी आणि ‘तूरडाळ यंदा चांगली नाही, पुढच्या आठवड्यात घ्या’ हे सांगणारा माणूस, यांत तुमचं मार्जिन आहे. बिस्किटांच्या पुड्यात ते कधीच फारसं नव्हतं.

एक अनुभव माझा स्वतःचा. काही वर्षांपूर्वी मी तीन-चार दुकानांना एक बिलिंग सॉफ्टवेअर घ्यायला लावलं. महिन्याचं भाडं कमी होतं, वापरायला सोपं होतं. एके दिवशी कंपनीचा मेल आला की सेवा महिनाअखेर बंद होत आहे. माहिती उतरवून घ्यायची सोय होती ती फक्त पीडीएफमध्ये. दोन वर्षांचा स्टॉक आणि उधारीच्या याद्या आम्ही चार माणसं लावून परत हाताने भरल्या, आणि त्या दुकानदारांनी मला चहा पाजला तरी तोंडावर जे ऐकवायचं ते ऐकवलं. तेव्हापासून सॉफ्टवेअर विकायला आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारतो तो बाहेर पडण्याचा. माझी सगळी माहिती एक्सेलमध्ये काढून दाखव, आत्ता, माझ्यासमोर. जो दाखवत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही. घेतल्यावरही दर महिन्याच्या एक तारखेला नक्कल काढून आपल्या पेनड्राइव्हवर ठेवायची. संगणक, वजनकाटा, फ्रीजर यांसारखी यंत्रं विकत घ्यावीत. सॉफ्टवेअर मात्र पहिलं वर्ष महिन्याच्या भाड्यानेच घ्यावं. ‘पाच वर्षांचे एकदम भरा, निम्म्यात मिळेल’ ही सवलत बहुतेक वेळा त्याची गरज असते, तुमची नाही.

आता तो साउंडबॉक्स पुन्हा. व्यवहारावर कमाई नाही, मग कंपन्या जगतात कशावर? एक भाग साउंडबॉक्सच्या भाड्याचा. दुसरा, आणि वाढता, तुम्हाला कर्ज मिळवून देण्याच्या कमिशनचा. पैसा मुरायची जागा तिथे आहे. म्हणूनच दुकानदाराच्या फोनवर रोज ‘आपल्यासाठी १ लाखाचं कर्ज तयार’ असा निरोप येतो.

असं कर्ज वाईटच असतं असं नाही. गणपती-दिवाळीच्या मालासाठी दोन महिने पैसे हवे असतील आणि बँकेत महिना लागणार असेल तर ते कामाचं आहे. पण दर नीट वाचा. एक लाख घेतले, वर्षभर रोज ३०७ रुपये कापले जाणार, एकूण १ लाख १२ हजार. ‘म्हणजे १२ टक्केच की,’ असं दुकानदार म्हणतो. सहा महिन्यांनी त्याच्याकडे मुद्दल निम्मंच उरलेलं असतं, व्याज मात्र पूर्ण लाखावर वर्षभराचं लावलेलं असतं. खरा वार्षिक दर २३ टक्क्यांच्या आसपास जातो. सुरुवातीलाच दोन हजार प्रोसेसिंग फी कापली तर तो २७ च्या घरात पोचतो. हे गणित तुम्हाला करायची गरज नाही. ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या उद्योगांच्या कर्जालाही मुख्य तथ्य विवरण देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे, आणि त्यात सगळे खर्च धरून वार्षिक टक्केवारीचा दर एका ओळीत लिहावा लागतो. तो कागद आधी मागा. तुमच्या बँकेच्या कॅश क्रेडिट (सीसी) खात्याचा किंवा पतसंस्थेचा दर शेजारी ठेवा, मग ठरवा. हातगाडीवाल्यांना आणि फेरीवाल्यांना तर पीएम स्वनिधी योजना आहे. ऑगस्ट २०२५ मधल्या बदलानंतर पहिल्या टप्प्यात १५ हजार, फेडले की २५ हजार, नंतर ५० हजार. ते सोडून अ‍ॅपवरचं महाग कर्ज काढणं म्हणजे घरात विहीर असताना टँकर मागवण्यासारखं.

डिजिटल नोंदीचा खरा उपयोग या ठिकाणी होतो. सहा महिन्यांचं स्वच्छ चालू खातं, वेळेवर भरलेलं रिटर्न, उद्यम नोंदणी, इतकं असलं की बँकेच्या मॅनेजरशी बोलताना आवाज वेगळा निघतो.

माल तयार करून मोठ्या कंपन्यांना पुरवणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे खरेदीदाराने करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात, नाहीतर त्याला त्या वर्षी तो खर्च आयकरात वजा मिळत नाही. कंपनीची उलाढाल अडीचशे कोटींच्या वर असेल तर ती बिलं वटवण्याच्या ‘ट्रेड्स’ या ऑनलाइन मंचावर असणं बंधनकारक आहे, तिथे तुमचं मंजूर बिल वटवून पैसे लवकर मिळू शकतात. निव्वळ व्यापाऱ्याला मात्र ४५ दिवसांचं संरक्षण लागू नाही. इचलकरंजीतल्या एका सूतव्यापाऱ्याने यावरून माझ्याशी तासभर वाद घातला होता. त्याचं म्हणणं योग्य असेलही, पण कायदा तसा आहे.

शेवटी घरातल्या पैशांबद्दल, कारण छोट्या धंद्यात ते आणि दुकानाचे पैसे एकाच डब्यात असतात. आजकाल गल्ल्यावर बसलेला मुलगा खाली मान घालून काय करतो ते एकदा पाहा. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे चार कोटी डीमॅट खाती होती. पाच वर्षांत ती १९ कोटींवर गेली. यातली बरीच खाती चांगल्या कारणाने उघडली गेली. पण सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तपासलं तेव्हा फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये तीन वर्षं व्यवहार करणाऱ्या दर १०० व्यक्तींपैकी ९३ तोट्यात होत्या. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. पुढच्या वर्षी हेच प्रमाण ९१ होतं. तो पैसा मुरला कुठे? सेबीच्या २०२४ च्या अहवालातच उत्तर आहे. २०२३-२४ या एका वर्षात स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या दलाल संस्थांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परकी गुंतवणूकदारांनी सुमारे २८ हजार कोटी कमावले, बहुतेक सगळे संगणकाच्या आज्ञावलीने. समोर यंत्र बसलेलं आहे आणि आपला मुलगा चहा देता देता बटण दाबतो आहे. त्याला रागावू नका, हा अहवाल वाचायला द्या. आभासी चलनाचंही तेच. नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, आणि एका चलनातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही.

माझा क्रम जुनाट आहे. आधी सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत, मग आरोग्य विमा, मग दुकानाचं खेळतं भांडवल कर्जाशिवाय उभं करणं. वर्षाला २३ टक्क्यांच्या दराच्या कर्जाचे हप्ते भरत असताना १२ टक्के मिळतील या आशेवर एसआयपी करणाऱ्यांना मी आधी कर्ज फेडायला सांगतो. त्यानंतर जे उरेल ते इंडेक्स फंडात, दर महिन्याला, आणि रोज बघायचं नाही. गुंतवणुकीच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुपमध्ये जोडणाऱ्याला पैसे पाठवू नका. सेबीकडे नोंदलेल्या दलालांसाठी आणि म्युच्युअल फंडांसाठी आता ‘व्हॅलिड’ शब्द असलेले वेगळे यूपीआय पत्ते आले आहेत, ते तपासा. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या तासाभरात कळवलं तर रक्कम पुढे जायच्या आत अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

मिरजेच्या त्या दुकानदाराची उलाढाल आम्ही दोन रविवार बसून काढली. यूपीआयवर वर्षाला ३१ लाख आले होते. त्यातले सहा लाख भिशीचे आणि मेहुण्याचे निघाले. रोखीची विक्री १७ लाख. एकूण ४२ लाख, म्हणजे मर्यादेच्या दोन लाख वर. त्याचा चेहरा उतरला. मग मी दूध आणि सुटं धान्य वेगळं काढलं, करपात्र माल २२ लाखांचा उरला. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत व्यापाऱ्याला करपात्र विक्रीवर एक टक्का, म्हणजे वर्षाला २२ हजार. दिवसाला साठ रुपये. नोंदणी झाली आहे, क्यूआर जागेवर आहे, आणि रोजमेळ आता त्याचा मुलगा लिहितो.